देवीदासबुवांचा डावा हात

शेंदूरजना घाटच्या सप्ताहात दुर्गाबाईंचं कीर्तन रंगात आलं होतं, टाळ एका अंगानं पडत होते, आणि नेमका तेव्हाच ठेका देणाऱ्या डब्यातला मृदंग बिघडला. बंद पडला असता तर एक वेळ टाळांवर निभावून नेता आलं असतं. पण हा बंद पडेना आणि धड वाजेना. उजव्या अंगाचे बोल जागच्या जागी, खणखणीत; आणि डाव्या अंगाचा धूम, जो ऐकणाऱ्याच्या पोटातून उठायला हवा, तो रॉकेलच्या रिकाम्या पिपावर कोणी खराटा फिरवावा तसा यायला लागला. पुढं बसलेली पोरं फिसफिसली.

टाळ धरलेले खुशालराव दुर्गाबाईंच्या कानाशी वाकले. नात्यानं चुलत दीर, सोबतीला जन्माचे टाळकरी. म्हणाले, "वयनी, डब्याले खोकला झाला."

दुर्गाबाईंनी पदराआडून डब्याचा आवाज उतरवला आणि पुढचं कीर्तन नुसत्या टाळांवर ओढलं. लोकांनी काही मनावर घेतलं नाही. मंडळी पाया पडली, बुक्का लावून घेतला, प्रसाद घेऊन पांगली. पण एरवी आरतीनंतर माणसांत बसून गप्पा मारणाऱ्या दुर्गाबाई त्या दिवशी डबा मांडीवर घेऊन गप्प बसल्या होत्या, ताप आलेलं लेकरू घेऊन बसावं तशा.

तो डबा दिसायला ट्रान्झिस्टरएवढा. पण त्यात त्यांच्या नवऱ्याचा हात होता. देवीदासबुवा म्हणजे मोर्शी-वरुड पट्ट्यातला नावाजलेला मृदंग. अमरावतीच्या एका हौशी साहेबांनी दहाएक वर्षांपूर्वी त्यांना बोलावून एकेक बोल वाजवून घेतला, बोटाच्या पेराएवढ्या दोन काळ्या चिपांमध्ये भरला आणि ठेका देणारे थोडे डबे बनवले. धंदा चालला नाही. साहेब मुलाकडं हैदराबादला गेले, तिथंच वारले, आणि ते डबे कुठं कुठं गेले कोण जाणे. बुवांनी आपल्या वाट्याचा डबा माळ्यावर फेकला होता. "मी जितेपनी माझं भूत कायले पाहिजे घरात?" असं त्यांचं म्हणणं.

पुढं बुवांच्या उजव्या अंगावरून लकवा गेला. जीभ हळूहळू वळणावर आली. पाय काठीच्या आधारानं टाकता यायला लागला. हात मात्र खांद्याला लटकलेला तो लटकलेलाच राहिला. मग माळ्यावरचं भूत खाली आलं.

दुसरा वादक का नाही घेतला, असं कोणी विचारील. दुसरा होता कुठं? ती वर्षंच तशी होती. वरुडकडं संत्र्याच्या बागा उभ्यानं वाळत होत्या, कापसानं भल्याभल्यांना आडवं केलं होतं, आणि ज्या पोरांच्या बोटांत ताल होता ती पोरं सुरतेला नाहीतर पुण्याला कंपनीच्या गेटवर उभी होती. वर्तमानपत्रात रोज कोणी ना कोणी गेल्याची बातमी असे. एखाद्या गावात कोणी कर्ता माणूस स्वतःच्या हातानं गेला, तेरावं झालं आणि त्या गावचा निरोप आला, की दुर्गाबाई बिदागीचा शब्द न काढता निघत. त्यांचं साधं गणित होतं. दाराआड तोंड लपवून बसलेलं घर कीर्तनाला बाहेर येतं. ओळीत बसतं. चार जणांच्या टाळीत आपली टाळी मिसळली की माणसाला तेवढ्यापुरतं एकटं राहता येत नाही. देवाचं नाव हे असं माणसं गोळा करायला असतं, अशी त्यांची श्रद्धा. आणि माणसं गोळा करायची तर मृदंग पाहिजे. लांबून धूम ऐकू आला की बाया चुलीवरचं उतरवून येतात, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं.

मोर्शीला घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं. बाजेवर पडलेल्या बुवांनी मान वळवली नाही.

"मेला तं मेला. नवा घे."

"नव्यात तुमचा हात नाही."

"हातातबी नाही," बुवा म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

अमरावतीला वाद्यांच्या दुकानात डबा नेला, तर दुकानदारानंही तेच सांगितलं. "काकू, हे आता भंगार. नवा घ्या, शंभर ठेके येतात." त्यानं नवा लावूनही दाखवला. चांगला वाजत होता, गुळगुळीत, सिनेमातल्या माणसासारखा. दुर्गाबाईंनी नमस्कार केला आणि विचारलं, दुरुस्त करणारा कोणी नाही का? तेव्हा त्यानं अकोल्याच्या गयासुद्दीनभाईंचं नाव सांगितलं. भजनी मंडळांचे आणि कव्वाली पार्ट्यांचे सारे भोंगे त्यांच्याकडं जातात म्हणे. दुर्गाबाई आणि खुशालराव तसेच बडनेऱ्याला आले आणि पॅसेंजरनं अकोला गाठलं.

गयासुद्दीनभाईंनी डबा उघडला, स्पीकरला तारा लावून पाहिल्या, कान लावला.

"स्पीकर तं सही आहे, बाई. याच्या पोटात दुखत नाही, डोक्यात दुखून राहिलं. अन् डोक्याचा डॉक्टर वर बसते." जिन्याकडं तोंड करून त्यांनी हाक मारली, "निखत! बेटा, खाली ये जरा."

निखत त्यांची लेक. अमरावतीला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. दुकानाच्या वरच्या खोलीत भिंतींना गाद्या ठोकून तिनं रेकॉर्डिंगची जागा केली होती; कोणाची भजनं, कोणाची पैगंबरांच्या स्तुतीची नात-गीतं ती कॉम्प्युटरवर साफ करून सीडीत भरून देई. तिनं डब्यात डोकावलं आणि भुवया वर केल्या.

"काकू, चिपवर हे पिवळं काय आहे?"

"अष्टगंध."

"चिपवर?"

"दसऱ्याले पूजा केली ना," दुर्गाबाई म्हणाल्या. "आमच्या घरी दसऱ्याले विन्याची पूजा होते, टाळाची होते, मृदंगाची होते. मंग हाच काय परका हाय? झाकन काढलं. पाह्यलं तं आत दोन काळे किडे बसेल, अन् दोघाइच्या पाठीवर काचेचा इवलासा गोल. डोळाच जसा. अन् त्या डोळ्यावर कोनं तरी मळकं कागद चिकटवेल! म्हनलं, देवाच्या डोळ्यावर पट्टी कायले? एकाची सोलून काढली, गंध लावलं. दुसऱ्याची काही केल्या निघेना, तं वरूनच लावलं."

निखतनं ओठ दाबून धरले. "मग झाकण परत लावलं?"

"स्क्रू यायनं हरवले," दुर्गाबाईंनी खुशालरावांकडं बोट केलं.

"हरवले नाही, सांभाळून ठेवले. कुठं ते आठवत नाही," खुशालराव म्हणाले.

"म्हणजे डबा उघडाच. आणि ठेवता कुठं?"

"थंडीचे दिवस, बाई. सकायी अंगनात उन्हात बसून पाठ करतो आमी. डबा समोर. दसऱ्यापासून एक दिवस खाडा नाही." दुर्गाबाईंच्या आवाजात थोडा अभिमानही होता. देवाच्या कामात खाडा नाही, हे सांगताना कोणाच्याही आवाजात येईलच.

आता मात्र निखतला हसू आवरलं नाही. पण लगेच तिनं तोंड सावरलं आणि स्टूल ओढून दुर्गाबाईंच्या पुढ्यात बसली. "काकू, रागावू नका. ही काच पाहायची नाही, पुसायची खिडकी आहे. या चिपवर लिहिलेलं पुसायचं असलं, की या काचेतून एक तेज उजेड आत सोडतात. तसला उजेड थोडा थोडा उन्हातही असतो. म्हणून वर पट्टी लावतात. ज्याची पट्टी निघाली नाही, ते चांगलं आहे. ज्याची निघाली…"

"त्याच्यात काय होतं?" दुर्गाबाईंनी विचारलं, जरी त्यांना कळून चुकलं होतं.

"डाव्या अंगाचे बोल."

मग गयासुद्दीनभाई हळूच म्हणाले, "बाई, तुमी त्याले रोज सूर्य दाखवला, सूर्यानं त्याचं काम केलं. गुस्सा करावा तं कोनावर?"

दुर्गाबाईंनी कोणावर राग धरला नाही. त्या नुसत्या डब्याच्या लाकडावरून बोटं फिरवत राहिल्या. सारा हिवाळाभर, आपल्याच हातानं, वर देवाचं नाव घेत, त्यांनी नवऱ्याचा डावा हात पुसत आणला होता.

निखतनं दोन्ही चिपा अलगद उपटल्या, वर नेल्या आणि एका यंत्रात बसवून त्यांतला मजकूर कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतला. चहा झाला. दुसऱ्यांदा चहा झाला. मग तिनं दोघांना वर बोलावलं.

"या डब्याचं डोकं कसं चालतं, ते मी कॉम्प्युटरला शिकवून राहिले," ती म्हणाली. "अजून कच्चं आहे, पण ऐका. आता कॉम्प्युटर स्वतःला तुमचा डबा समजतो."

"म्हनजे अंगात आलं त्याच्या!" खुशालराव म्हणाले.

"तसंच समजा, काका."

तिनं कळ दाबली, आणि गाद्यांच्या त्या बंद खोलीत देवीदासबुवांचा उजवा हात वाजायला लागला. चांगल्या दिवसांतला. बोटं कशी पडतात, करंगळी कशी तोंडावरच्या काळ्या शाईच्या कडेला घसरते, सगळं दुर्गाबाईंना डोळ्यांपुढं दिसलं. पण जिथं धूम यायचा तिथं खर्र येई. निखतनं ती खरखर बंद केली. आता तिथं काहीच नव्हतं. बोल यायचे, जागा रिकामी, परत बोल. जिन्यातली एकेक पायरी गळावी तसा ठेका.

"उजवा आता कधी मरणार नाही, मी उतरवून ठेवला," निखत म्हणाली. "डाव्याच्या जागी दुसऱ्या कोणाचा भरता येईल. माझ्याकडं एक मृदंग आहे रेकॉर्ड केलेला. पण जमतो का नाही, ते मला नाही कळणार. मला सूर कळतो, बोल नाही कळत. काकांना आणाल एकदा?"

बुवांना आणणं म्हणजे डोंगर हलवणं. लकवा झाल्यापासून त्यांनी मोर्शीची वेस ओलांडली नव्हती. दुर्गाबाईंनी आधी अष्टगंधाची सगळी हकिकत सांगितली, काही न लपवता. बुवा ऐकत राहिले, आणि मग त्यांच्या वाकड्या झालेल्या ओठातून एक विचित्र आवाज आला. दुर्गाबाई घाबरून उठल्या. बुवा हसत होते.

"देवाच्या डोळ्यावरची पट्टी काढली," ते धापा टाकत म्हणाले. "दुर्गे, तुह्या भक्तीपुढं माहा हात बी टिकला नाही!"

त्या हसण्याच्या भरात ते हो म्हणून बसले. मग शब्द मागं घेता येईना, म्हणून अट घातली, "ऐकाले येतो. हात लावनार नाही."

स्टेशनवर पाहिलं तर खुशालरावांच्या खांद्यावर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट. "हे कायले?" बुवांनी डोळे वटारले.

"उशाले होते गाडीत," खुशालराव म्हणाले आणि आभाळाकडं पाहायला लागले. मृदंगाची उशी कोणी घेत नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. पण गाडी आली, चढण्याची घाई झाली, आणि विषय तिथंच राहिला.

अकोल्याला गयासुद्दीनभाईंनी आणि खुशालरावांनी बुवांना दोन्हीकडून धरून जिना चढवला. निखतनं पाणी दिलं, खुर्ची दिली आणि कॉम्प्युटर लावला. उजवा हात बुवांचा, डावा त्या दुसऱ्या वादकाचा. दुर्गाबाई नवऱ्याच्या चेहऱ्याकडं पाहत होत्या. आपला उजवा हात असा समोर बसून ऐकताना ते मोडून पडतील, अशी त्यांना धास्ती होती.

बुवा मोडले नाहीत. बुवा चिडले.

"बंद कर! कोन हाय हा?"

"एक वादक आहेत, काका…"

"वादक! याची कनिक वाळेल हाय. तालीम नाही याले. अन् धूम मारला का हात तिथंच दाबून ठेवते, खुराड्यात कोंबडी झाकल्यावानी! ते उडू नाही का द्यायचं?"

मृदंगाच्या डाव्या तोंडावर भिजवलेली कणीक थापतात, तेव्हा कुठं त्याला तो खोल आवाज येतो. ती कणीक ओली की सुकी, हे बुवा कॉम्प्युटरच्या स्पीकरवरून सांगत होते.

"मग कसा पाहिजे?" निखतनं विचारलं.

"सांगून कळत नसते ते."

"दाखवा ना मग."

बुवांनी आपल्या लटकत्या उजव्या हाताकडं पाहिलं, डाव्या हातानं तो उचलून मांडीवर ठेवला, सामान ठेवावं तसा. "पोरी," ते म्हणाले, "अर्ध्या मानसाचा मृदंग ऐकला काय कोनी?"

निखत घाबरली नाही, आणि तिनं कीवही केली नाही. कामाचं बोलावं तसं बोलली, "मला अर्धाच पाहिजे, काका. दुसरा अर्धा आहे माझ्याजवळ."

बुवांनी त्या मशीनकडं पाहिलं. मग खुशालरावांकडं न पाहता म्हणाले, "तुही उशी सोड."

गोधडी सुटली. मृदंगाच्या कातडी वाद्या ढिल्या झाल्या होत्या. खुशालरावांनी हातोडीनं लाकडी गठ्ठे ठोकून डावं तोंड ओढून घेतलं, बुवा "अजून, अजून, बस्स" म्हणत राहिले. खालून कणीक मागवली. निखतची आई, सुरैय्याबी, परात घेऊनच वर आल्या.

"मीठ टाकलं नाही ना, ताई?" बुवांनी विचारलं.

"ढोलकीच्या पोटाले मीठ कायले लागते?" सुरैय्याबी म्हणाल्या. "पन पातळ झाली वाटते जराशी."

"पातळ नाही, लोन्यावानी पाहिजे. सुगरन हा तुमी."

"एवढ्या वर्षांत हे पहिल्यांदा ऐकलं या घरात," असं म्हणून सुरैय्याबींनी नवऱ्याकडं पाहिलं. गयासुद्दीनभाई लगबगीनं खिडकीला गादी लावायला गेले.

बुवा खाली बसले. मृदंग मांडीवर घेतला, आणि अडचण लक्षात आली. उजवीकडून धरायचं कोणी? डाव्या अंगावर थाप पडली की मोकळं उजवं तोंडही झणझणतं, आणि मग आवाज स्वच्छ येत नाही. दुर्गाबाई नवऱ्याच्या उजव्या अंगाला बसल्या आणि शाईवर आपला तळवा ठेवला.

"दाबू नको. नुस्ता ठेव," बुवा पुटपुटले.

पहिले बोल फसले. हात विसरला नव्हता, पण भ्याला होता. थाप चोरटी पडत होती. बाहेर ऑटोवाल्यानं भोंगा वाजवला, परत घ्यावं लागलं. मग अजान सुरू झाली. बुवांनी हात उचलून धरला आणि डोळे मिटून ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, "काळी दोनमधी सूर हाय. स्वच्छ गळा हाय भाऊचा." आणि त्या शांततेतच, जणू उत्तर द्यावं तशी, त्यांनी थाप मारली.

धूम उठला. गाद्यांच्या भिंतींवर जाऊन टेकला, खाली उतरला, जमिनीवर पसरला. दुर्गाबाईंच्या तळव्याखालचं कातडं थरथरलं. बुवांनी हात हवेत धरून ठेवला होता. आवाज सरेपर्यंत त्यांनी कोणाला हलू दिलं नाही.

"बाप्पा!" निखतनं पडद्यावरची आवाजाची लांबच लांब शेपटी पाहिली. "जुन्या चिपमध्ये तर एवढासा होता हा."

"कापला होता!" बुवांच्या अंगात दहा वर्षांचा राग आला. "त्या साहेबांनी माहा घुमारा कापला. म्हने, बुवा, जागा नाही. म्हनलं साहेब, घुमारा कापला तं राह्यलं काय? टक्कल!"

"त्यांच्या वेळेला खरंच जागा नव्हती," निखत म्हणाली. "आता मोठी चिप मिळते. फक्त डब्याच्या जुन्या डोक्याला तेवढी जागा मोजता येत नाही. त्याला एकच खोली माहीत आहे. मला त्याला शिकवावं लागेल, की एक खोली संपली की दुसरीचं दार उघड. शिकवते. तुमचा एक पण घुमारा मी कापणार नाही."

मग बुवा सुटलेच. धूम, गे, गद्द, घासून नेलेला लांब बोल. आणि जुन्या डब्यात जागेअभावी राहून गेलेला, निरूपणाच्या वेळचा तो संथ बोल, जो कथेच्या खाली नुसता श्वासासारखा चालतो. घाम आला तरी थांबेनात. निखतनं ते सगळं साफ केलं, जागच्या जागी बसवलं आणि कळ दाबली.

दहा वर्षांपूर्वीचा उजवा, आणि आत्ताचा डावा.

बुवांची मान खाली होती. पण दुर्गाबाईंना दिसलं, त्यांचा डावा तळवा मांडीवर पडत होता, नेमका जागेवर, मशीनमधल्या धूमसोबत. मध्येच ते वर पाहून म्हणाले, "पोरी, याच्यातला डावा बंद करता येते का?"

"बंद? आत्ता तर भरला, काका!"

"बंद करता यावा, अन् चालू बी. बटन लाव एक. दुर्गी एकटी गेली तं चालू. मी संग गेलो तं बंद."

दुर्गाबाई एकदम उठल्या आणि खुशालरावांना, गोधडी अशी जमिनीवर टाकतात का म्हणून, खूप बोलल्या. खुशालरावांनी ते मुकाट्यानं ऐकून घेतलं.

फाल्गुन लागता लागता डबा तयार झाला. निखत स्वतः मोर्शीला घेऊन आली. आत मोठी चिप, तिच्या काचेवर काळी जाड पट्टी. झाकण पक्कं, स्क्रू चारही. बाजूला एक छोटं बटण. शिवाय तिनं तीन सीड्या काढल्या.

"याच्यात सगळं आहे. काकांचे बोल, आणि कॉम्प्युटरनं डबा कसं व्हायचं ते. हा डबा उद्या जळाला तरी दुसरा उभा करता येईल. एक तुमच्याजवळ, एक अकोल्याला, एक लांब कुठं, तुमच्या एखाद्या नातेवाइकाकडं पाठवा."

दुर्गाबाईंनी सीडी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि देव्हाऱ्याकडं निघाल्या.

"काकू!" निखत ओरडली. "देव्हाऱ्यावर ऊन येतं का?"

"सकायचं येते थोडंसं."

"मग कपाटात!"

"अन् गंध? गंध तं लावू का नको?"

"झाकणावर लावा, काकू. हवं तेवढं लावा."

पहिलं कीर्तन चांदूरबाजारकडच्या एका लहान गावात होतं. तिथल्या पार्बताबाईंचा तरणा मुलगा पौषात गेला होता. गावानं काल्याचं कीर्तन ठेवलं होतं, दिवसाढवळ्या, मारुतीच्या पारापुढं मांडव टाकून. लोक येत होते पण खाली माना घालून, आणि मांडवासमोरच्या घराचं दार लोटलेलं होतं.

बुवांना टेकून बसायला पोतं भरून ठेवलं. मृदंग मांडीवर, उजव्या बाजूला उशी टेकलेली, शेजारी डबा. बटण दाबून डावा बंद केला. दुर्गाबाईंनी हात जोडले, नमन घेतलं, गजर उचलला, आणि डबा व बुवा मिळून वाजवायला लागले.

आणि लगेच चुकले. डबा पुढं, बुवा मागं. बुवांनी गाठलं, परत निसटलं. इतकी वर्षं बाजेवर पडलेला हात तो. त्याला जुन्या चालीची सवय राहिली नव्हती. टाळकरी गोंधळले. बुवांच्या कपाळावर शिरा उठल्या. दुर्गाबाईंना वाटलं, आता हे मृदंग बाजूला ठेवतील आणि परत कधी हातात घेणार नाहीत. गाता गाताच त्यांचा हात बटणाकडं गेला. डावा चालू केला असता तर सगळं सुरळीत झालं असतं. कोणाला कळलंही नसतं.

त्यांनी हात मागं घेतला.

"खुशाल्या!" भर मांडवात बुवा ओरडले. "कमी कर त्याचं! धावून राहिलं ते!"

"तुमचाच हात हाय, बुवा!" खुशालराव टाळ न थांबवता ओरडले.

"असंन! तवा तरना होतो, घाई होती मले. आता नाही!"

मांडव हसला. आधी पोरं हसली, मग बाया, मग खाली माना घालून बसलेले बाप्ये. दुर्गाबाईसुद्धा गजर सोडून पदर तोंडाशी धरून हसल्या. कीर्तनाच्या गादीवर असं त्या जन्मात हसल्या नव्हत्या. डबा मात्र कोणाची पर्वा न करता आपला वाजतच होता.

तेवढ्यात समोरच्या घराचं दार सरकलं. पार्बताबाई उंबऱ्यावर आल्या. मांडवातलं हसणं एकदम विझलं, लोक चपापून बसले. त्या पायरी उतरल्या, आल्या, आणि बायांच्या ओळीत शेवटी बसल्या. बसताना त्यांचा हात शेजारणीच्या खांद्यावर होता.

"हळूच वाजवा, बुवा," त्या म्हणाल्या. आवाज बसलेला होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "आमाले संग येता आलं पाहिजे."

खुशालरावांनी डब्याचं चालीचं बटण फिरवून ठेका संथ केला. बुवांनी वाटीतली ताजी कणीक घेऊन डाव्या तोंडावर थापली, बोटांनी कडेपर्यंत सारखी केली, आणि बायकोकडं पाहून मान हलवली. दुर्गाबाईंनी गजर पुन्हा पहिल्यापासून घेतला.